स्क्विड बूटबरोबर सुरू होतो, पण पोर्ट उघडत नाही

तळमजला
वाचनालयातल्या १८ संगणकांसाठी एका मशीनवर स्क्विड (सगळ्यांच्या वतीने इंटरनेटवरून पानं आणणारा प्रॉक्सी प्रोग्रॅम) बसवला आहे. उबुंटू २४.०४ डेस्कटॉप, तारेने जोडलेलं नेटवर्क, मशीनला कायमचा पत्ता १९२.१६८.१.१०. सर्व्हिस एनेबल केलेली आहे. वीज जाऊन आली की मशीन आपोआप चालू होतं, स्टेटसमध्ये हिरव्या अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतं, तरी एकाही संगणकावर पान उघडत नाही. हाताने रिस्टार्ट दिला की सगळं सुरळीत. स्क्विड.कॉन्फमधली ओळ अशी:

एचटीटीपी_पोर्ट १९२.१६८.१.१०:३१२८

संध्याकाळी मशीनजवळ कोणी नसतं, त्यामुळे हाताने रिस्टार्ट हा कायमचा उपाय होऊ शकत नाही. काय तपासावं?

(आज्ञा देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर अर्थातच मूळ इंग्रजी स्पेलिंग टाकायचं.)

पोर्टवाला
पहिलं काम: पुढच्या वेळी बिघडलेल्या अवस्थेतच पाहा, रिस्टार्टची घाई नको. या तीन आज्ञा द्या.

सुडो एसएस -एलटीएनपी | ग्रेप ३१२८
जर्नलसीटीएल -यू स्क्विड -बी
सुडो टेल -एन ८० /व्हार/लॉग/स्क्विड/कॅश.लॉग

पहिलीचं उत्तर कोरं आलं तर पोर्ट (बाकीचे संगणक ज्या क्रमांकावर जोडणी करतात तो, इथे ३१२८) उघडलेलंच नाही. स्टेटसमधल्या 'अ‍ॅक्टिव्ह'वर विसंबू नका. स्क्विडच्या दोन प्रक्रिया असतात, एक पालक आणि तिच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करणारी दुसरी. प्रक्रिया जिवंत आहे एवढंच स्टेटस सांगतं. तिने पोर्ट धरलं की नाही, हे एसएसच सांगेल.

वीज आल्यानंतर कोणीतरी मशीन पुन्हा बंद-चालू केलं असेल, तर -बी च्या जागी -बी -१ टाका, म्हणजे त्याच्या आधीच्या बूटची नोंद दिसेल.

तळमजला
पाहिलं. एसएसचं उत्तर कोरं. कॅश.लॉगमध्ये 'कॉमबाइंड: कॅनॉट बाइंड सॉकेट' अशी ओळ, पुढे तोच पत्ता आणि पोर्ट, आणि शेवटी (९९) कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस.

पोर्टवाला
मग निदान झालं. ९९ चा अर्थ: हा पत्ता या क्षणी या मशीनवर नाही. स्क्विडने पोर्ट मागितलं तेव्हा नेटवर्क कार्डाला १९२.१६८.१.१० मिळालेलाच नव्हता. काही सेकंदांनी मिळाला, पण तोवर स्क्विडची मागणी करून झाली होती आणि तो पुन्हा मागत नाही.

तिथे ९८ असता तर गोष्ट वेगळी. ९८ म्हणजे ते पोर्ट दुसऱ्याच कोणी अडवलं आहे. बहुतेक वेळा हाताने सुरू केलेला जुना स्क्विड मागे राहिलेला असतो.

आता सर्व्हिसची मूळ फाइल पाहा:

सिस्टमसीटीएल कॅट स्क्विड

त्यात 'आफ्टर=' च्या ओळीत नेटवर्क.टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट दोन्ही दिसतील (टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा). 'वॉन्ट्स=' आहे का?

तळमजला
नाही. फक्त आफ्टर आहे.

पोर्टवाला
खरी मेख तिथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'आफ्टर' फक्त क्रम ठरवतं. 'अमुक येणार असेल तर त्याच्या मागून मला सुरू कर', एवढाच त्याचा अर्थ. अमुक येणारच नसेल तर वाट पाहायचा प्रश्नच नाही. अमुकला बोलावणं धाडण्याचं काम 'वॉन्ट्स' करतं. नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट आपणहून येत नाही, कोणीतरी मागावं लागतं. तुमच्या मशीनवर दुसऱ्या एखाद्या सर्व्हिसने ते मागितलं असेल तर स्क्विडचं नशीब, नाहीतर तो थेट पुढे निघतो.

आणि नुसतं नेटवर्क.टार्गेट म्हणजे नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली, एवढंच. पत्ता मिळाला, केबलमध्ये लिंक आली, राउटर बोलायला लागला, यातलं काहीच त्यातून कळत नाही. नावामुळे इथे भले भले फसतात.

दुरुस्ती अशी. मूळ फाइलला हात लावू नका, पॅकेज अपडेट झालं की तुमचे बदल पुसले जातील.

सुडो सिस्टमसीटीएल एडिट स्क्विड

एडिटर उघडेल, त्यात:

[युनिट]
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

[सर्व्हिस]
रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रिस्टार्टसेक=१०

हे /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/स्क्विड.सर्व्हिस.डी/ या फोल्डरमध्ये ओव्हरराइड.कॉन्फ नावाने साठतं. 'एडिट' वापरल्यावर डीमन-रीलोड वेगळा द्यावा लागत नाही. हाताने फाइल बनवलीत तर मात्र द्यावा लागतो.

वाट पाहणारी सर्व्हिसही एनेबल हवी:

सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन

सर्व्हर आवृत्ती असेल तर तिथे सहसा सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन असते.

सह्यकडा
वरचं सगळं बरोबर आहे, पण या धाग्यातल्या अडचणीला ते पुरेल असं मला वाटत नाही. वीज आल्यावर फक्त मशीन सुरू होत नाही. स्विच आणि राउटरही त्याच क्षणी सुरू होतात. एसएसडी असलेलं मशीन १५-२० सेकंदांत तयार होतं. स्विचला तेवढ्यात पोर्ट जिवंत करता येईलच असं नाही, आणि राउटरला तर त्याहून वेळ लागतो. केबलमध्ये लिंकच नसेल तर नेटवर्कमॅनेजर फार ताटकळत नाही, आपलं सुरुवातीचं काम संपलं असं सांगून मोकळा होतो. मग नेटवर्क-ऑनलाइन 'पोचलं' असं गृहीत धरलं जातं आणि स्क्विड पुन्हा पत्त्याविना सुरू होतो.

रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर सुद्धा इथे उपयोगी नाही. प्रक्रिया मेलीच नाही, तर सिस्टमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं.

मुळावर घाव घालायचा असेल तर पत्ता काढून टाका:

एचटीटीपी_पोर्ट ३१२८

आता स्क्विड सगळ्या पत्त्यांवर ऐकेल. पत्ता नंतर मिळाला तरी अडत नाही, कारण त्याने ठरावीक पत्ता मागितलेलाच नाही. बाहेरच्यांना अडवायचं काम फायरवॉलकडे द्या:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ३१२८ प्रोटो टीसीपी

यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू करण्याआधी, दुरून एसएसएचने काम करत असाल तर एसएसएचचा नियम आधी घाला. नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

मशीनला दोन नेटवर्क कार्डं असतील आणि एकाच बाजूला ऐकायचं असेल, तर पत्ता ठेवूनही मार्ग आहे. /ईटीसी/सिसीटीएल.डी/ मध्ये फाइल करून ही ओळ:

नेट.आयपीव्ही४.आयपी_नॉनलोकल_बाइंड = १

यामुळे अजून न मिळालेला पत्ताही धरायला कर्नल परवानगी देतो. मात्र ही मुभा मशीनवरच्या सगळ्या प्रोग्रॅमना मिळते, हे ध्यानात असू द्या. एकच कार्ड असेल तर हिची गरज नाही.

पोर्टवाला
सहमत. एकच नेटवर्क असेल तर पत्ता काढणं हाच सरळ मार्ग. वॉन्ट्सची ओळ तरीही राहू द्या, नेमसर्व्हरसाठी (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) कामी येते.

रानवारा
नेमसर्व्हरचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल. पोर्ट उघडं, फायरवॉल ठीक, तरी प्रत्येक साइटला स्क्विडचंच 'नाव सापडलं नाही' असं पान, आणि रिस्टार्टने बरं, असा प्रकार दिसला तर कॅश.लॉगच्या सुरुवातीचा भाग वाचा. स्क्विड सुरू होताना /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ वाचतो आणि 'अ‍ॅडिंग नेमसर्व्हर' अशी ओळ लिहितो. त्या क्षणी फाइल रिकामी असेल तर एकही नेमसर्व्हर सापडला नाही, लोकलहोस्टवर प्रयत्न करतो, असा इशारा दिसेल. नंतर फाइल भरली तरी स्क्विड जुन्याच समजुतीवर चालतो.

उबुंटूवर तिथे सहसा १२७.०.०.५३ हा स्थानिक पत्ता कायम असतो, त्यामुळे हा त्रास कमी. जिथे नेटवर्कमॅनेजर ती फाइल स्वतः लिहितो तिथे जास्त. उपाय म्हणून स्क्विड.कॉन्फमध्ये सरळ लिहून टाका:

डीएनएस_नेमसर्व्हर्स १९२.१६८.१.१

तळमजला
पत्ता काढला, फायरवॉल लावली, ओव्हरराइड घातला. मुख्य बटण बंद करून तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा पोर्ट उघडलं. पण आता एका संगणकावर ४०३ येतो आहे, अ‍ॅक्सेस.लॉगमध्ये टीसीपी_डिनाइड/४०३. तो संगणक १९२.१६८.१.४५ वर आहे, बाकीचे चालतात.

सह्यकडा
४०३ म्हणजे जोडणी स्क्विडपर्यंत पोचली आणि नियमांनी अडवली. फायरवॉलने अडवलं असतं तर लॉगमध्ये ओळच उमटली नसती. नियम दाखवा.

तळमजला
एसीएल वाचनालय एसआरसी १९२.१६८.१.११-१९२.१६८.१.२८
एचटीटीपी_अ‍ॅक्सेस अलाउ वाचनालय
एचटीटीपी_अ‍ॅक्सेस डिनाय ऑल

सह्यकडा
४५ तुमच्या पट्ट्याबाहेर आहे. राउटरने त्या संगणकाला नवा पत्ता दिला असणार. राउटरमध्ये त्या कार्डाच्या मॅक पत्त्याला ठरावीक आयपी बांधा, किंवा पट्टा वाढवा. उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये 'लोकलनेट' आधीपासून असतो आणि त्यात १९२.१६८.०.०/१६ आहे. फक्त त्याला परवानगी देणारी ओळ बंद ठेवलेली असते. तुमचे नियम /ईटीसी/स्क्विड/कॉन्फ.डी/ मध्ये वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि मुख्य फाइल जशीच्या तशी राहू द्या. 'अलाउ' नेहमी 'डिनाय ऑल'च्या वर हवा. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळलेला नियम लागू होतो.

प्रत्येक बदलानंतर आधी

सुडो स्क्विड -के पार्स

आणि चूक नसेल तरच

सुडो सिस्टमसीटीएल रीलोड स्क्विड

नियम बदलायला रिस्टार्ट लागत नाही. रीलोडमध्ये पोर्ट क्षणभर बंद होतं, पण प्रक्रिया तीच राहते. पार्स न करता ठेवलेली चुकीची ओळ दिवसभर लपून राहते आणि रात्री वीज गेली की सकाळी स्क्विड उठत नाही. तेव्हा कारण शोधणाऱ्याला कालचा बदल आठवत नाही.

शून्यएक
स्क्विड रिस्टार्ट करायला किंवा मशीन बंद व्हायला अर्धा मिनिट लागतो, ते का? यूपीएस फार वेळ टिकत नाही.

पोर्टवाला
शटडाउन_लाइफटाइम. मुळात ३० सेकंद. बंद होताना चालू असलेल्या जोडण्या पूर्ण व्हाव्यात म्हणून स्क्विड तेवढा थांबतो. कॉन्फमध्ये

शटडाउन_लाइफटाइम ५ सेकंड्स

केलंत की झालं. वाचनालयात ५ भरपूर आहेत. वैतागून किल -९ देऊ नका. कॅश डिस्कवर असेल तर तिची अनुक्रमणिका अर्धवट राहते, पुढच्या वेळी लॉगमध्ये 'डर्टी लॉग' दिसतो आणि ती पुन्हा बांधायला वेळ जातो. अचानक वीज गेल्यावरही नेमकं हेच होतं. त्याने कायमचं नुकसान होत नाही, फक्त सुरुवात संथ होते.

शून्यएक
कॅश डिस्कवर ठेवायची असेल तर? वेगळी डिस्क आहे, /एसआरव्ही/कॅश वर माउंट होते.

रानवारा
आधी मुळात ठेवायची का ते ठरवा. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. स्क्विडला तिथे फक्त कनेक्ट ही जोडणीची विनंती आणि साइटचं नाव दिसतं, आतला मजकूर नाही, मग साठवणार काय? डिस्क कॅशचा खरा फायदा साध्या एचटीटीपीवरून येणाऱ्या गोष्टींना होतो, उदाहरणार्थ उबुंटूची पॅकेजेस. १८ मशीन अपडेट करायची असतील तर तो फायदा नक्की जाणवतो. पण साठवायच्या वस्तूची कमाल मर्यादा मुळात ४ एमबी आहे, बरीच पॅकेजेस त्याहून मोठी. म्हणून:

मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ ५१२ एमबी
कॅश_डिर यूएफएस /एसआरव्ही/कॅश/स्क्विड २०००० १६ २५६

ओळींचा क्रम हाच ठेवा. मर्यादेची ओळ कॅश_डिरच्या वर हवी. २०००० हे एमबी आहेत. १६ आणि २५६ ही पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या फोल्डरांची संख्या, ती बदलायची गरज नाही.

बूटच्या दृष्टीने महत्त्वाची ओळ ओव्हरराइडमधली:

[युनिट]
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/कॅश

ही नसेल आणि डिस्क उशिरा माउंट झाली, तर स्क्विडला रिकामं फोल्डर दिसतं. मालकीमुळे तिथे लिहिता आलं नाही तर तो कोसळतो. लिहिता आलं तर त्याहून वाईट, कारण मूळ डिस्क गुपचूप भरत जाते. फोल्डरचा मालक प्रॉक्सी हा वापरकर्ता हवा. फेडोरा आणि रेड हॅटवर त्याचं नाव स्क्विड असतं. तिथे एसईलिनक्स (नेहमीच्या परवानग्यांवरचा आणखी एक सुरक्षेचा थर) असल्यामुळे नव्या फोल्डरला स्क्विड_कॅश_टी हे लेबलही द्यावं लागतं. ३१२८ सोडून वेगळं पोर्ट घेतलंत तर ते सेमॅनेज या आज्ञेने स्क्विड_पोर्ट_टी मध्ये नोंदवावं लागेल. परवानग्या सगळ्या ठीक दिसूनही 'परमिशन डिनाइड' येतो तो यामुळेच.

शून्यएक
स्वतः कंपाइल केलेल्या स्क्विडसाठी सर्व्हिस फाइल लिहिली. सुरू होतो आणि दोन सेकंदांत बंद. टाइप=सिंपल, एक्झेकस्टार्टमध्ये नुसता स्क्विडचा पूर्ण पाथ.

पोर्टवाला
नुसता स्क्विड चालवला की तो स्वतःला मागे ढकलतो. मूळ प्रक्रिया संपते आणि तिची संतती पार्श्वभूमीत राहते. टाइप=सिंपलमध्ये सिस्टमडी त्या मूळ प्रक्रियेवरच नजर ठेवून असतो. ती संपली म्हणजे सर्व्हिस संपली असं धरून तो मागे राहिलेल्यांनाही मारतो. --फोरग्राउंड जोडा म्हणजे स्क्विड पुढेच राहील. पॅकेजच्या फाइलमध्येही तेच आहे. सर्व्हिस लिहिताना प्रोग्रॅमला स्वतःहून मागे जाऊ द्यायचं नाही, ते काम सिस्टमडीचं.

ओव्हरराइडमधून एक्झेकस्टार्ट बदलायचा असेल तर आधी कोरी 'एक्झेकस्टार्ट=' ओळ द्या, मग नवी. नाहीतर दोन आज्ञा झाल्या म्हणून तक्रार येईल.

पीआयडी फाइल (चालू प्रक्रियेचा क्रमांक लिहिलेली) /रन मध्येच ठेवा. ती जागा प्रत्येक बूटला रिकामी होते. /व्हार खाली ठेवलीत तर वीज गेल्यावर जुना आकडा तसाच राहतो. बूटनंतर तो आकडा दुसऱ्याच प्रक्रियेला मिळाला तर स्क्विड 'आधीच चालू आहे' म्हणून अडून बसू शकतो.

कौलारू
रिस्टार्टसेक १० का? पुष्कळ ठिकाणी १ किंवा २ दिसतो.

पोर्टवाला
सिस्टमडीची मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ सुरुवाती. रिस्टार्टसेक न दिल्यास दोन प्रयत्नांमधलं अंतर १०० मिलिसेकंद. म्हणजे लगेच मरणारी सर्व्हिस पहिल्या एक-दोन सेकंदांतच पाचही संधी संपवते. मग 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' येतं आणि पुढे काही होत नाही. राउटर मिनिटभराने उठला तरी उपयोग नाही. १० सेकंदांचं अंतर ठेवलं तर ती मर्यादा कधीच ओलांडली जात नाही आणि प्रयत्न चालू राहतात. मर्यादेत आधीच अडकला असाल तर:

सुडो सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड स्क्विड

कौलारू
आणखी एक. लॉगमध्ये फाइल डिस्क्रिप्टर (प्रत्येक उघड्या फाइलीला आणि जोडणीला लागणारा क्रमांक) संपत आल्याचा इशारा येतो. /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मध्ये वाढवलं, फरक नाही.

सह्यकडा
ती फाइल लॉगिन करणाऱ्या वापरकर्त्यांसाठी. बूटला सुरू होणारी सर्व्हिस लॉगिन करत नाही, त्यामुळे तिला ते लागू होत नाही. ओव्हरराइडच्या [सर्व्हिस] भागात लिमिटएनओफाइल=१६३८४ द्या. /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट मधल्या प्रॉक्सीच्या ओळींचंही तसंच. त्या तुमच्या टर्मिनलला दिसतात, बूटच्या सर्व्हिसना नाही.

काळी_खिडकी
विंडोजवर असंच करायचं असेल तर? एससी क्रिएटने सर्व्हिस बनवली, सुरू करताना १०५३ ही चूक येते.

रानवारा
साधी ईएक्सई थेट सर्व्हिस होत नाही. सर्व्हिस मॅनेजर तिच्याकडून 'मी सुरू झाले' अशी खबर ३० सेकंदांत मागतो. साध्या प्रोग्रॅमला ती भाषाच येत नाही, म्हणून १०५३. एनएसएसएमसारखा मध्यस्थ वापरा, तो मॅनेजरशी बोलतो आणि तुमचा प्रोग्रॅम आतून चालवतो. नाहीतर टास्क शेड्युलरमध्ये 'अ‍ॅट स्टार्टअप' आणि 'वापरकर्ता लॉगिन असो वा नसो' असा टास्क करा. त्यात तीन दिवसांनी टास्क थांबवण्याची खूण आधीच टिकलेली असते, ती काढा. कॉन्फिगचा पाथ झेड: सारख्या जोडलेल्या ड्राइव्हवर ठेवू नका, तो ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरता असतो.

तळमजला
नवा प्रश्न. दुसऱ्या शाखेत तार नाही, प्रॉक्सीचं मशीन वायफायवर आहे. तिथे बूटनंतर कोणीतरी लॉगिन करेपर्यंत नेटवर्कच येत नाही.

सह्यकडा
वायफायचा पासवर्ड त्या वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये (पासवर्डच्या तिजोरीत) साठवलेला आहे. तो लॉगिन करेपर्यंत नेटवर्कमॅनेजरला मिळत नाही. जोडणीच्या सेटिंगमध्ये 'इतर वापरकर्त्यांसाठीही उपलब्ध' अशी खूण असते ती करा आणि पासवर्ड पुन्हा टाकून साठवा. टर्मिनलवरून:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय <जोडणीचं नाव> कनेक्शन.परमिशन्स ""

शक्य असेल तर तिथेही तार ओढा. सगळ्या संगणकांची रहदारी एका वायफाय कार्डातून दोनदा जाते, एकदा आत आणि एकदा बाहेर.

रानवारा
दोन्ही शाखांच्या राउटरमध्ये ३१२८ बाहेरून आत सोडलेलं नाही ना, हे आजच पाहून घ्या. पत्ता काढल्यामुळे स्क्विड सगळीकडे ऐकतो आहे. उघडा प्रॉक्सी शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड चालू असतात, आणि एकदा सापडला की दुसऱ्यांचे उद्योग तुमच्या पत्त्यावर नोंदले जातात. बाहेरच्या मोबाइल नेटवर्कवरून तुमच्या सार्वजनिक पत्त्याला

कर्ल -एक्स एचटीटीपी://<सार्वजनिक पत्ता>:३१२८ -आय एचटीटीपी://एग्झाम्पल.कॉम

देऊन बघा. जोडणी व्हायलाच नको. ४०३ आला तरी पोर्ट बाहेर दिसतं आहे असंच समजा.

तळमजला
मोबाइलवरून दोन्हीकडे पाहिलं. पहिल्या शाखेत वाट पाहून जोडणी तुटते. दुसरीकडे ४०३ आला. राउटरमध्ये यूपीएनपी (आतल्या प्रोग्रॅमना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) चालू होतं आणि ३१२८ चा एक जुना फॉरवर्डही होता. दोन्ही काढले, आता तिथेही जोडणी होत नाही.